थायरॉइड आहे आणि खोकला जात नाही? आधी तारखा मांडून बघा

ताई, तुम्ही जे विचारलंत ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे हाच त्रास असणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वय ४८, राहायला कर्वेनगर, आठ वर्षांपासून थायरॉइड कमी, थायरॉक्सिनची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी चालू आणि जूनमध्ये टीएसएच २.६ म्हणजे छान होता (टीएसएच ही रक्ताची तपासणी, थायरॉइड कमी पडला की हा आकडा वाढतो). जुलैत बीपीची गोळी सुरू झाली. गणपतीत सर्दी झाली, सर्दी गेली पण कोरडी ढास राहिली ती चार महिने झाले तरी तशीच, रात्री आडवं पडलं की आणि शाळेत वर्गावर बोलताना जास्त. मध्ये दोन अँटिबायोटिकचे कोर्स, तीन सिरप, ऑक्टोबरपासून ॲसिडिटीची पँटोप्राझोल. डिसेंबरात टीएसएच ७.९ आला, मग घरीदारी सगळे म्हणाले बघ, थायरॉइडचाच खोकला हा, गोळी १०० ची झाली, पण ढास जिथल्या तिथे. आणि आता तुमचा प्रश्न असा की थायरॉइडमुळे खोकला होतो का आणि डोस अजून वाढवला तर जाईल का.

मी पुण्यात छातीच्या आजारांची प्रॅक्टिस गेली सव्वीस वर्षं करतेय आणि माझ्याकडे जुना खोकला घेऊन येणाऱ्या बायकांमध्ये थायरॉइडची गोळी चालू असणाऱ्या खूप असतात, कारण मुळात थायरॉइड कमी असणं हेच बायकांमध्ये खूप कॉमन आहे. दोन गोष्टी एकाच माणसात आहेत म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही. थायरॉइडमुळे खोकला होऊ शकतो, त्याचे काही ठराविक मार्ग आहेत, ते खाली सांगते, पण जून महिन्यात २.६ असलेल्या बाईला गणपतीत लागलेला खोकला थायरॉइड कमी पडल्यामुळे लागला असं मला अजिबात वाटत नाही. मला उलटं दिसतंय. खोकला आधी आलाय, टीएसएच नंतर वाढलाय. म्हणजे खोकल्यासाठी जे जे सुरू केलं त्यातल्या काही गोष्टींनी तुमची थायरॉइडची गोळी अंगी लागू दिली नाही, अशी शक्यता जास्त आहे.

तुमची सकाळ तुम्हीच लिहिलीय बघा. सहा वाजता थायरॉइडची गोळी, त्याच घोटाबरोबर पँटोप्राझोल, दहा मिनिटांनी हळद घातलेलं गरम दूध, सातला चहा आणि त्याबरोबर कॅल्शियमची गोळी. थायरॉक्सिन ही फार नाजूक स्वभावाची गोळी आहे हो. तिला रिकामं पोट लागतं, साधं पाणी लागतं आणि नंतर अर्धा ते एक तास काही नको असतं, चहा-कॉफीसुद्धा. दुधातलं कॅल्शियम तिला धरून ठेवतं, कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या तर चांगल्याच अडवतात, म्हणून त्यांच्यात निदान चार तासांचं अंतर हवं. छातीत जळजळ झाली की पितो ते गुलाबी-पांढरं अँटासिडचं औषध, ते पण तसंच. पँटोप्राझोलचं थोडं वेगळं आहे. ती पोटातलं ॲसिडच कमी करते आणि थायरॉक्सिनची गोळी नीट विरघळायला ते ॲसिड लागतं, त्यामुळे नुसती वेळ बदलून हा प्रश्न पूर्ण सुटत नाही, पँटोप्राझोल महिनोन् महिने चालणार असेल तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच बघायचा आणि लागला तर डोस बदलायचा. पण तुमच्या बाबतीत ती खरंच लागतेय का हा आधीचा प्रश्न आहे, त्यावर येते.

आता मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. जुलैत बीपीची गोळी सुरू झाली असं तुम्ही एका ओळीत सांगून पुढे गेलात, नाव नाही दिलं. कृपा करून आत्ता उठून ती स्ट्रिप बघा. औषधाच्या मूळ नावाच्या शेवटी 'प्रिल' आहे का, म्हणजे रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल यातलं काही? ब्रँडचं नाव मोठ्या अक्षरात असतं, मूळ नाव त्याच्या खाली बारीक असतं, चष्मा लावून वाचा. या गटातल्या गोळ्या बीपीसाठी, हार्टसाठी, डायबेटिसमध्ये किडनी सांभाळायला उत्तम आहेत, पण काही लोकांना त्यांनी कोरडा, घशात पीस फिरवल्यासारखा खोकला होतो, आणि बायकांना पुरुषांपेक्षा जास्त होतो. गोळी सुरू केल्यावर आठवड्याभरात होईल किंवा काही महिन्यांनीही होईल, त्यामुळे पेशंटच्या डोक्यात दोन्हीचा संबंध लागतच नाही, तो सर्दीशी लागतो कारण सर्दी आठवते. कसब्यातल्या एक काकू माझ्याकडे आल्या होत्या, सात महिन्यांचा खोकला, सीटी स्कॅनपर्यंत सगळं झालेलं, पिशवीभर रिपोर्ट, आणि त्या पिशवीच्या तळाशी एनालाप्रिलची स्ट्रिप. गोळी बदलली, तीन आठवड्यांत खोकला बंद. सगळ्यांचं इतकं पटकन होत नाही, बहुतेकांचा एक ते चार आठवड्यांत जातो, काहींना तीन महिनेही लागतात, तेवढा धीर धरावा लागतो. पण गोळी तुमची तुम्ही बंद करायची नाही हं, बीपी उसळेल. ज्यांनी दिली त्यांना सांगा की मला खोकला आहे, ते टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनसारखी दुसऱ्या गटातली देतील, त्यांनी सहसा असा खोकला होत नाही. आणि तुमची गोळी आधीच टेल्मिसार्टन किंवा ॲम्लोडिपिन निघाली तर हा मुद्दा सोडून द्या आणि पुढचं वाचा.

दुसरी शंका मला सर्दीनंतरच्या नाकाची आणि दम्याची. पुण्यात गणपती ते दिवाळी हा काळ ॲलर्जीवाल्यांना वाईट. पाऊस ओसरतो, मोकळ्या प्लॉटवर, टेकडीच्या पायथ्याला, कालव्याच्या कडेने काँग्रेस गवत फुललेलं असतं, ज्याला गाजर गवत म्हणतात, आणि हे गवत भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं तेही १९५० च्या दशकात आपल्या पुण्यातच. त्याच्या परागकणांनी नाक गळतं, डोळे खाजतात, दमा उठतो. त्यात भिंतींना आलेली ओल, कुबट कपाटं, मग दिवाळीचे फटाके, मग थंडीत पहाटे खाली बसणारा धूर आणि वर्षभर चालणारी बांधकामं. नाकातला चिकट स्राव मागच्या मागे घशात उतरत राहतो, माणूस सारखा खाकरतो आणि झोपलं की ढास लागते. याला नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणं हे दोन-तीन आठवडे नेमाने केलं की फरक कळतो, दोन दिवस मारून सोडला तर नाही कळत.

दमा म्हटलं की लोकांना वाटतं धाप लागली पाहिजे, छातीत सूं सूं वाजलं पाहिजे. तसं नाही, फक्त खोकलाच असलेला दमा असतो, रात्री दोन-तीनला उठवणारा, हसल्यावर, फोडणीच्या वासाने, गार हवेने उसळणारा. याची परीक्षा फुंकर मारायच्या टेस्टने होते, स्पायरोमेट्री म्हणतात, आधी एकदा आणि पंप दिल्यावर परत एकदा. टेस्ट नॉर्मल आली तरी संशय पक्का असेल तर आम्ही काही आठवडे इनहेलर देऊन बघतो. इथे मला हात जोडून सांगायचंय की इनहेलरची सवय लागते ही समजूत मनातून काढून टाका. पोटातल्या गोळीपेक्षा कितीतरी कमी औषध त्यात असतं आणि ते थेट जागेवर जातं, वापरून झालं की चूळ भरायची एवढंच पथ्य. ही भीती धरून वर्षानुवर्षं सिरपवर काढणारी माणसं बघितली की मला फार वाईट वाटतं.

घरात किंवा बाल्कनीत कबुतरं आहेत का हेही सांगा. त्यांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने काहींच्या फुफ्फुसाला सूज येते, ती महिनोन् महिने चालली तर पुढे कायमचे चट्टे पडतात. सिंहगड रोडच्या एका सोसायटीतल्या आजी रोज सकाळी कठड्यावर ज्वारी टाकायच्या, कोरडा खोकला आणि जिने चढताना धाप, थायरॉइड त्यांनाही होता आणि वजन वाढल्यामुळे धाप लागते असं सगळे म्हणत होते. छातीच्या हाय रिझोल्यूशन सीटीमध्ये कारण दिसलं.

आता ॲसिडिटी. थायरॉइड कमी असताना आतड्यांची हालचाल मंदावते, पोट उशिरा रिकामं होतं, वजन वाढतं आणि पोटातलं वर घशाशी यायला सोपं जातं, म्हणजे इथे थायरॉइडचा आडून संबंध आहे खरा. घशापर्यंत येणाऱ्या ॲसिडमध्ये छातीत जळजळ होतेच असं नाही, फक्त खवखव, आवाज जड, घशात काहीतरी अडकल्यासारखं, जेवल्यावर किंवा वाकल्यावर खोकला, एवढंच असतं. पण तुम्ही अडीच महिने पँटोप्राझोल घेऊनही काडीचा फरक नाही, करपट ढेकर नाहीत, जळजळ नाही, मग ती चालू ठेवण्यात अर्थ काय हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी आणि पलंगाची डोक्याकडची बाजू विटा घालून पाऊण वीत उंच, हे मात्र करून बघा. उशा वाढवून उपयोग नाही, त्याने पोट दुमडतं.

बरं, आता थायरॉइड स्वतः खोकला कसा करतो ते. पहिलं म्हणजे ग्रंथीचा आकार. हाशिमोटो म्हणजे शरीराच्या संरक्षण यंत्रणेनेच ग्रंथीवर हल्ला करणं, त्यात ग्रंथी कधी कधी मोठी आणि टणक होते, किंवा तिच्यात गाठी असतात. ग्रंथी श्वासनळीला मिठी मारून बसलेली असते, त्यामुळे वाढली की नळीवर दाब येतो, विशेषतः छातीच्या हाडामागे उतरलेली असेल तर. मग आडवं पडलं की, मान वळवली की खोकला, गिळताना अडकल्यासारखं. घरच्या घरी एक बघता येतं, दोन्ही हात कानाला लावून वर एक मिनिट धरा, चेहरा लालबुंद झाला, श्वास कोंडला तर ताबडतोब दाखवा. गळ्याच्या सोनोग्राफीत हाडामागचा भाग नीट दिसत नाही, त्याला सीटी लागतो. तुमची सोनोग्राफी सहा वर्षांपूर्वीची आहे, ती परत करायला हवी, आणि समोरून गळ्याला हात लावून ग्रंथी तपासायला तर एक पैसा लागत नाही, ते कुणीतरी केलंय का?

दुसरं, थायरॉइड खूप दिवस खूप कमी राहिला तर पाणी धरणारे पदार्थ ऊतींमध्ये साठतात, चेहरा सुजट होतो तसेच स्वरयंत्राचे पडदेही सुजतात, आवाज घोगरा होतो आणि ठसका लागतो. जीभ जाड होते, घोरणं वाढतं, झोपेत श्वास अडतो, तोंड उघडं राहून घसा कोरडा पडतो. फारच कमी असेल तर फुफ्फुसाभोवती किंवा हृदयाभोवती पाणीसुद्धा साठतं. पण हे सगळं ठळक कमतरतेत, ७.९ टीएसएचला सहसा नाही. म्हणून ७५ चे १०० करून खोकला गेला नाही यात मला नवल वाटत नाही आणि १०० चे १२५ करून जाईल असंही वाटत नाही.

तिसरं जरा सूक्ष्म आहे. सगळं तपासूनही कारण सापडत नाही असा खोकला जास्त करून मध्यमवयीन बायकांना असतो आणि त्यांच्यात थायरॉइडचे ऑटोइम्युन आजार जास्त आढळतात असं इंग्लंडमधल्या एका अभ्यासात दिसलं होतं. अशांच्या घशाच्या नसा अतिसंवेदनशील झालेल्या असतात, बोलणं, हसणं, अत्तर, एसीची हवा एवढ्यानेही ढास लागते. ही खोटी तक्रार नसते, मनाचा खेळ तर मुळीच नसतो, आणि स्पीच थेरपिस्टकडून खोकला दाबायचं तंत्र शिकून, कधी नसा शांत करणारं औषध देऊन खूप जणी बऱ्या होतात. तुम्ही शिक्षिका, दिवसभर आवाज वापरता, त्यामुळे तुम्हाला हे लागू पडू शकेल, पण हे निदान सगळ्यात शेवटी करायचं असतं, आधी नाही. लोह कमी असेल तर घसा जास्त चिडतो असंही दिसलंय, पाळी जास्त जाणाऱ्या थायरॉइडच्या पेशंटमध्ये लोह बऱ्याचदा कमी असतं, म्हणून हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, करून घ्या. तोंड आणि डोळे सतत कोरडे पडत असतील, बिस्कीट पाण्याशिवाय गिळवत नसेल तर तेही सांगा, हाशिमोटोबरोबर कधी कधी येणारा, लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथी सुकवणारा एक आजार असतो त्यात कोरडा खोकला असतो.

हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी ॲमिओडॅरोन घेणाऱ्यांनी इथे थांबून वाचा, तुमच्या बाबतीत नाही पण कुणाच्या घरी असेल. या एका औषधाने थायरॉइडही बिघडतो आणि फुफ्फुसही, त्यामुळे ते चालू असताना नवा खोकला आला तर वाट बघायची नाही.

आणि एक गोष्ट मला खरंच समजली नाही. चार महिने खोकला, दोन अँटिबायोटिक आणि छातीचा एक्स-रे नाही? तो उद्या करा. आपल्याकडे दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे टीबीची तपासणी हा नियम आहे, थुंकीची तपासणी मनपाच्या दवाखान्यात, सरकारी रुग्णालयात मोफत होते, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, चांगल्या घरात टीबी होत नाही असं काही नसतं. थायरॉइडवाल्यांना हे जास्त सांगायचं कारण असं की थकवा, केस गळणं, गळून गेल्यासारखं वाटणं सगळं थायरॉइडच्या नावावर खपून जातं. पण थायरॉइड कमी असताना वजन वाढतं, उतरत नाही, म्हणून खोकल्याबरोबर वजन उतरत असेल, संध्याकाळी कणकण येत असेल, रात्री घाम येत असेल तर तो थायरॉइड नव्हे. टीबी निघाला तर उपचारांतली रिफॅम्पिसिन थायरॉक्सिन लवकर संपवते, डोस वाढवावा लागतो, तेव्हा थायरॉइडची गोळी चालू आहे हे तिथे आवर्जून सांगायचं.

घरगुती उपायांबद्दल विचारलंत. मधाचं चाटण, कोमट पाणी, वाफ, मिठाच्या गुळण्या खुशाल करा. ज्येष्ठमध अधूनमधून ठीक, रोज महिनोन् महिने चघळला तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं, तुम्हाला बीपी आहे म्हणून बंदच करा. आयोडीनच्या लाल गुळण्या दोन-चार दिवस ठीक, महिनाभर रोज नको, हाशिमोटोमध्ये जादा आयोडीनने ग्रंथी आणखी मंदावते. सिरप घेताना नाक मोकळं करणारं फिनाइलेफ्रिन त्यात आहे का बघा, बीपीला चांगलं नाही. कोडीनवालं तर स्वतःहून घेऊच नका, थायरॉइड कमी असताना गुंगी जास्त चढते.

थुंकीतून रक्त, धाप, श्वास घेताना घशातून आवाज, तीन आठवड्यांच्या वर बसलेला आवाज, पाणी पिताना ठसका, काही आठवड्यांत भराभर वाढलेला गळा, यातलं काहीही असेल तर पुढची अपॉइंटमेंट नको, लगेच जा.

तुमच्यापुरतं मी असं करेन: आज बीपीची स्ट्रिप, उद्या एक्स-रे, या आठवड्यात थुंकी आणि गळ्याची सोनोग्राफी. गोळी प्रिल निघाली तर ती बदलून वाट बघायची, एक्स-रे स्वच्छ असेल तर स्पायरोमेट्रीला तोवर घाई नाही. प्रिल नसेल तर लगेच स्पायरोमेट्री आणि नाकाचा स्प्रे. दूध आणि कॅल्शियम सकाळच्या गोळीपासून आजच लांब न्या, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर घ्या.

आणि आता काळजी घ्यायची ती इथे. तुमची गोळी १०० ची झालीय ती दूध, कॅल्शियम आणि पँटोप्राझोल अडवत असताना. हे अडथळे काढले की तीच १०० ची गोळी पूर्ण अंगी लागेल आणि कदाचित जास्त होईल, छातीत धडधड, हाताला कंप, झोप उडणं, मूड चिडचिडा असं वाटायला लागलं तर सहा आठवडे थांबू नका, लगेच डॉक्टरांना कळवा. काही वाटलं नाही तरी सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच कराच. रक्त सकाळी, त्या दिवशीची गोळी घ्यायच्या आधी द्यायचं, आणि केसांसाठी बायोटिन घेत असाल तर दोन-तीन दिवस आधी बंद ठेवायचं, त्याने रिपोर्ट चुकीचा येतो. रिपोर्टवर त्या वेळी कुठल्या कुठल्या गोळ्या किती वाजता चालू होत्या ते पेनाने लिहून ठेवा, जूनच्या आणि डिसेंबरच्या रिपोर्टवर पण आठवून लिहा, आणि तिन्ही कागद एकत्र घेऊन दाखवायला जा.